फुसका बार: बोल्ट-अॅक्शन रायफलची पिन प्रायमरवर हलकी पडतेय, मग तपासायचं कुठून?

चाप ओढला, खट्ट असा आवाज आला आणि बार काही उडाला नाही, की नवीन माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर लगेच बोल्ट (काडतुसामागची वाट बंद करणारा हँडलवाला दांडा) उघडून काडतूस बाहेर काढून बघायला लागतो, नाहीतर घरी जाऊन कडक स्प्रिंग मागवतो. पहिली गोष्ट धोक्याची आहे आणि दुसरी बहुतेक वेळा पैसे वाया घालवायची. मी दोन्ही केल्यात म्हणून सांगतोय.

काडतुसाच्या बुडाला मध्यभागी जी छोटी टिकली असते ती प्रायमर. तिच्यात पातळ धातूची वाटी, त्यात जरासा धक्क्याने पेटणारा मसाला आणि वर तीन किंवा दोन पायांची एक बारकी ऐरण असते, तिला अॅन्व्हिल म्हणतात. फायरिंग पिन वाटीला बाहेरून ठोकते, मसाला वाटी आणि ऐरणीच्या मध्ये चिरडला जातो आणि ठिणगी भोकातून दारूपर्यंत जाते. आता ठोका पुरेसा जोरात बसला नाही किंवा जोरात बसूनही मधेच कुठे जिरला, तर मसाला पेटत नाही, नुसता खळगा पडतो. ह्यालाच हलका ठोका म्हणायचं, लाइट स्ट्राइक. म्हणजे प्रश्न एकच आहे, जोर कुठे गेला? स्प्रिंगपासून प्रायमरपर्यंतच्या वाटेत तो पाच-सहा ठिकाणी चोरीला जाऊ शकतो आणि आपल्याला ती जागा शोधायचीय, पार्ट बदलत बसायचं नाहीये.

पहिली तीस सेकंद

बार उडाला नाही तर नळी आहे तशीच टार्गेटच्या दिशेला ठेवा, बोट चापावरून काढा आणि कमीत कमी ३० सेकंद थांबा. कधीकधी प्रायमर पेटतो पण दारू उशिरा पकडते, ह्याला हँगफायर म्हणतात, आणि त्या क्षणी तुम्ही हँडल वर केलेलं असेल तर बोल्टचे लग, म्हणजे त्याला पुढे अडकवून ठेवणारे दात, सुटलेले असतात आणि मागे तुमचं तोंड असतं. बाकी कळलं नाही तरी चालेल पण हे कळलंच पाहिजे. ३० सेकंद मोजताना फार वाटतात, मोजा तरीही. मग चेहरा बोल्टच्या सरळ रेषेत न ठेवता हळू उघडा आणि काडतूस बाजूला काढा.

आणि खट्टच्या ऐवजी फुस्स किंवा नेहमीपेक्षा बारका पॉप असा आवाज आला असेल तर तो विषयच वेगळा आहे, गोळी नळीत अडकलेली असू शकते. बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतोय का बघितल्याशिवाय पुढची गोळी अजिबात घालायची नाही.

काही जुन्या रायफलींमध्ये, म्हणजे मोसिन-नागांत किंवा ली-एनफिल्डमध्ये, मागचा कॉकिंग पीस (पिनच्या मागच्या टोकाला बसवलेला भाग) हाताने ओढून बोल्ट न उघडताच पुन्हा ठोका मारता येतो. ३० सेकंद झाल्यावर तसा दुसरा ठोका मारून बघायला हरकत नाही, आणि दुसऱ्या ठोक्याला बार उडतो की नाही ही माहिती पुढे फार कामाची आहे, कुठेतरी लिहून ठेवा.

खळगा वाचायचा कसा

न उडालेलं काडतूस उजेडात धरून भिंगाने बघा. माझ्या मते अर्धं निदान इथेच होतं पण लोक ते काडतूस वैतागून बाजूला टाकतात आणि मग विचारत फिरतात.

एक चूक सगळे करतात ती आधी सांगतो. न उडालेल्या काडतुसाचा खळगा उडालेल्या पुंगळीच्या खळग्याशी ताडून बघतात. तसं करू नका, कारण बार उडतो तेव्हा आतल्या दाबाने प्रायमरचा धातू मागे बोल्टवर दाबला जातो, खळग्याच्या कडा उभ्या राहतात, तळ बदलतो, त्यामुळे तो खळगा वेगळाच दिसतो. न उडालेलं न उडालेल्याशी ताडा. तीन-चार तरी जमले की चित्र दिसायला लागतं.

सगळे खळगे सारखेच उथळ असतील, बशीसारखे, तर जोर नेहमीच कमी पडतोय, म्हणजे स्प्रिंग, पिनची लांबी नाहीतर बोल्टमध्ये साचलेलं ग्रीस. एक खोल एक उथळ असं काही ताळतंत्र नसेल तर काहीतरी मधेच अडतंय किंवा घासतंय, नाहीतर काडतुसंच एकसारखी नाहीत. खळगा छान खोल आहे आणि तरी बार उडाला नाही, तर रायफलला दोष देऊ नका, प्रायमर खराब आहे, तेल लागलंय किंवा नीट बसवलेला नाही. खळगा मध्यापासून बराच सरकलेला असेल तर बोल्टचं भोक आणि चेंबर (नळीच्या मागे काडतूस बसतं ती जागा) एका रेषेत नाहीत. थोडासा सरकलेला बऱ्याच चांगल्या रायफलींमध्ये असतो, त्यावर झोप उडवून घेऊ नका.

काडतूस का रायफल?

आता बोल्ट उघडायच्या आधी अजून एक काम, आणि ह्याला स्क्रूड्रायव्हर लागत नाही. वेगळ्या बनावटीची, वेगळ्या लॉटची फॅक्टरी काडतुसं घ्या आणि त्याच रायफलमधून वीस झाडा. आणि तुमची शंकास्पद काडतुसं त्याच कॅलिबरच्या दुसऱ्या चांगल्या रायफलमधून झाडून बघा, अर्थात मालकाला विचारून, आणि काडतुसं फॅक्टरीची असतील तरच. स्वतः भरलेली काडतुसं दुसऱ्याच्या रायफलमध्ये घालायची नाहीत, ती तुमच्या चेंबरला बेतून भरलेली असतात.

फॅक्टरीची सगळी उडाली आणि तुमची भरलेलीच अडतायत तर सरळ खाली रीलोडिंगच्या भागाकडे जा. सगळ्याच प्रकारची अधूनमधून अडतायत तर रायफल. आणि फक्त एकाच ब्रँडची अडतायत तर थोडं गुंतागुंतीचं आहे, कारण प्रायमरचा कडकपणा सारखा नसतो. फेडरलचे प्रायमर मऊ म्हणून ओळखले जातात, मिलिटरी पद्धतीचे, म्हणजे सीसीआयचे ३४ आणि ४१ नंबरवाले, मुद्दाम कमी संवेदनशील ठेवलेले असतात. ज्या रायफलचा ठोका काठावर पास होतोय ती मऊ प्रायमरवर वर्षानुवर्षं चालते आणि कडक प्रायमर आला की नापास. तेव्हा ब्रँड बदलून प्रश्न मिटला असं वाटलं तरी तो मिटलेला नसतो, पुढच्या थंडीत परत येतो.

बोल्टच्या पोटातली घाण

रायफलवर संशय आला की पहिलं काम बोल्ट खोलून आतून साफ करणं. लोक नळी चकाचक ठेवतात, बोल्ट बाहेरून पुसतात, आतलं मात्र रायफल घेतल्यापासून उघडलेलं नसतं. आत स्प्रिंग आणि पिन एका बोगद्यात पुढेमागे धावतात. तिथे जुनं तेल, धूळ, धातूचा चुरा आणि काजळी मिळून जे तयार होतं ते डिंकासारखं असतं. एका ओळखीच्याने जुनी मोसिन घेतली होती, बाहेरून मस्त साफ केलेली, आणि दहातल्या चार गोळ्या अडायच्या. बोल्ट खोलला तर स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये तपकिरी मेणासारखा थर, कॉस्मोलिन, जे गोदामात ठेवताना गंज लागू नये म्हणून फासतात, ते तसंच्या तसं बसलेलं होतं. नखाने काढलं तर वळ्या निघाल्या. गरम पाणी, मग सॉल्व्हंट, मग कोरडं फडकं, एवढ्यावर रायफल सुधारली.

बोल्ट कसा खोलायचा ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, तुमच्या रायफलचं मॅन्युअल बघा. मॉझर ९८ सारख्यात सेफ्टी मधल्या पोझिशनला ठेवून मागचा श्राउड (बोल्टची मागची टोपी) फिरवून निघतो, काहींमध्ये कॉकिंग पीस मागे ओढून धरायला टूल लागतं. एक मात्र सगळीकडे सारखं आहे, स्प्रिंग दाबलेली असते, सुटली तर डोळ्यावर येते, चष्मा घाला. आणि सुरू करायच्या आधी चेंबर आणि मॅगझिन रिकामं आहे हे डोळ्याने बघा आणि बोटाने चाचपा, दोन्ही करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

खोलल्यावर पिन, स्प्रिंग आणि बोल्टची आतली पोकळी सॉल्व्हंटने धुवा. बोल्टच्या तोंडाचं जे बारकं भोक आहे त्यात लाकडी काडी घालून फिरवा, आणि काडीला काय लागतंय ते बघा. कधी प्रायमर फुटलेला असेल तर त्याची कापलेली चकती, मोहरीच्या दाण्याएवढी, आत पडलेली सापडते, आणि ती पिनच्या वाटेत आडवी आली की एक ठोका बरोबर आणि एक हलका असा खेळ सुरू होतो. ह्या चकतीने भल्याभल्यांना महिनोन्‌महिने फिरवलंय.

आता तेल. इथे सगळे चुकतात, कारण तेल म्हणजे चांगलं असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. बोल्टच्या आतल्या भागाला तेल जवळजवळ लागतच नाही. एक थेंब बोटावर घेऊन स्प्रिंगवरून पुसल्यासारखं फिरवा आणि कोरड्या फडक्याने परत पुसा, जे उरलं ते पुरे. ग्रीस तर नकोच. ग्रीस बाहेर लॉकिंग लगच्या मागच्या बाजूला आणि कॉकिंगच्या उतारावर, तेही कणभर. घरात उबेला चालणारी रायफल गोठवणाऱ्या थंडीत अडते त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं, तेल घट्ट होतं आणि पिन पाण्यात चालल्यासारखी चालते. कडाक्याच्या थंडीत जाणार असाल तर आतून पूर्ण कोरडं करा किंवा ग्राफाइटची कोरडी पूड वापरा.

जोडताना, स्प्रिंग वेगळी निघत असेल तर नुसती पिन बोल्टमध्ये घालून बोल्ट पुढेमागे कलता करा. पिन स्वतःच्या वजनाने सर्रकन घसरून टक्क करून थांबली पाहिजे. कुठे रेंगाळली तर तिथे वाकलीय किंवा आत बर, म्हणजे धातूची बारीक कुसळ, आलीय.

हँडल खरंच खाली जातंय का?

ह्या भागात माझी स्वतःची फजिती आहे म्हणून जरा लांबण लावतो.

मी माझ्या रायफलला नवीन दस्ता घेतला, दिसायला झकास. बसवला आणि त्याच आठवड्यापासून दहातली एखाद-दोन काडतुसं अडायला लागली. मी काय केलं, स्प्रिंग जुनी झाली असं ठरवलं आणि कडक स्प्रिंग बसवली. काही फरक नाही. मग पिन बदलायला निघालो होतो, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ना, तशातली गत. एका जाणत्या माणसाने रायफल हातात घेतली, रिकामी आहे बघितलं, बोल्ट बंद केला आणि म्हणाला, "चाप ओढ, पण टार्गेटकडे बघू नकोस, हँडलकडे बघ." चाप ओढला तर हँडल जाणवेल न जाणवेल इतकं खाली उडी मारून बसलं.

त्याचं कारण असं. बऱ्याच बोल्ट-अॅक्शन रायफलींमध्ये कॉकिंग पीसला एक नाक असतं आणि बोल्टच्या मागच्या बाजूला त्याच्यासाठी खाच असते. हँडल पूर्ण खाली असेल तेव्हाच नाक खाचेच्या सरळ समोर येतं आणि पिन बिनअडथळा पुढे जाते. हँडल थोडं वर राहिलं असेल तर नाक खाचेच्या उतारावर आपटतं आणि स्प्रिंगचा जोर प्रायमर ठोकण्याऐवजी हँडल खाली ढकलण्यात खर्च होतो. ही सोय मुद्दाम केलेली आहे, बोल्ट नीट लॉक नसताना बार उडू नये म्हणून. माझ्या नवीन दस्त्यातली हँडलची खाच जरा उथळ होती, हँडल लाकडाला टेकत होतं आणि मला वाटायचं की पूर्ण बंद झालं.

तुम्ही हे असं तपासा: बोल्ट बंद केल्यावर हँडल आणि दस्ता ह्यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून बघा. मोकळी फिरली पाहिजे. अडकली तर लाकूड थोडं घासावं लागणार. मग रिकाम्या रायफलचा चाप ओढताना हँडलवर नजर ठेवा, हललं तर चोर सापडला. आणखी दोन जागा आहेत. पुढचा अॅक्शन स्क्रू (रायफलची यंत्रणा दस्त्याला जोडणारा) लांब असेल तर त्याचं टोक आतून बोल्टच्या लगला घासतं, स्क्रू अर्धा फेरा सैल केल्यावर बोल्ट एकदम हलका बंद होत असेल तर हेच. आणि लग जिथे बसतात त्या पुढच्या खोबणीत कचरा, पितळेचा कीस किंवा वाळू असेल तर बोल्ट पूर्ण फिरतच नाही, ती खोबण बोल्टचं तोंड पुसताना हमखास राहून जाते.

घासणं शोधायला साधा मार्कर पेन घ्या. कॉकिंग पीसच्या दोन्ही बाजू आणि खालचा भाग काळा करा, पिनच्या दांड्यालाही रेघा मारा, जोडा, रिकाम्या रायफलमध्ये स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) घालून दहा-पंधरा वेळा ठोका. परत खोला. जिथे शाई घासून धातू चमकतोय तिथे पिन घासतेय. बाजारातला दुसरा ट्रिगर बसवलेला असेल तर कॉकिंग पीसच्या खालच्या बाजूवर शाई आधी जाते, सिअर (चाप ओढेपर्यंत कॉकिंग पीस अडवून धरणारा तुकडा) खाली बसत असताना त्याला घासत असतो. सेफ्टी बदललेली असेल तरी हीच तपासणी.

पिन किती बाहेर डोकावते

पिन पूर्ण पुढे सुटलेली असताना, म्हणजे कॉक केलेली (मागे ताणून धरलेली) नसताना, बोल्टच्या तोंडातून तिचं टोक किती बाहेर येतं ते मोजा. व्हर्नियर कॅलिपरच्या मागची जी बारीक पट्टी बाहेर येते तिने होतं. बहुतेक आधुनिक सेंटरफायर (मध्यभागी प्रायमर असलेल्या काडतुसांच्या) बोल्ट रायफलींमध्ये ते साधारण १.४ ते १.५ मिमी असतं, इंचात ०.०५५ ते ०.०६०. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असेल तर तोच धरा. बरंच कमी असेल तर टोक झिजलंय, तुटलंय, किंवा पिन चुकीची जोडली गेलीय. टोक गुळगुळीत अर्धगोल हवं, धारदार किंवा खडबडीत झालं असेल तर प्रायमर फाटतो.

मोसिनवाल्यांनी इथे खास लक्ष द्या कारण त्यात पिन कॉकिंग पीसमध्ये आट्यांवर बसते आणि साफसफाईनंतर एखादा फेरा कमीजास्त झाला की लांबी बदलते. त्या रायफलबरोबरच्या टूलवर ७५ आणि ९५ अशा दोन खाचा असतात. बोल्टच्या तोंडावरून ७५ ची खाच सरकवली तर पिनला अडली पाहिजे आणि ९५ ची न अडता निघून गेली पाहिजे. ७५ पण मोकळी गेली तर पिन आखूड, ठोका हलका. ९५ पण अडली तर पिन जास्त बाहेर, प्रायमरला भोक पडणार आणि गरम वायू मागे येणार. साफ करून जोडल्यावर "आत्ता तर चांगली चालत होती" असं म्हणणारे बहुतेक इथेच अडकलेले असतात.

कानशीने पिन किंवा बोल्टचं तोंड घासून लांबी जुळवायची हौस येते काहींना. नका करू. नवीन पिन मिळते.

मग स्प्रिंग

स्प्रिंग मी मुद्दाम उशिरा घेतली. ती बिघडते हे खरं, रायफल वीस-तीस वर्षं जुनी असेल, कुणी वेढे कापून कॉकिंग हलकं केलं असेल किंवा एखादा वेढा तुटला असेल, तर. बाहेर काढून सपाट काचेवर लोळवा, वाकडी असेल तर डुगडुगत जाते. त्याच मॉडेलच्या नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून लांबी बघा, एक-दोन वेढ्यांनी आखूड झाली असेल तर बदला, महाग नसते.

पण फॅक्टरीच्या जोराचीच घ्या. जास्त कडक घातली तर बोल्ट उचलायला जड होतो आणि बऱ्याचदा खरं दुखणं झाकलं जातं एवढंच. लॉक टाइम, म्हणजे चाप सुटल्यापासून पिन ठोकेपर्यंतचा वेळ, कमी करायला म्हणून हलकी अॅल्युमिनियमची किंवा टायटॅनियमची पिन विकतात, ती स्पर्धावाल्यांचं खेळणं आहे, तिच्यासोबत स्प्रिंगही जुळवावी लागते, नवख्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

काडतुसं स्वतः भरत असाल तर

खरं सांगायचं तर रीलोडिंग करणाऱ्यांच्या हलक्या ठोक्याच्या तक्रारींमध्ये रायफल निर्दोष सुटते असंच मी जास्त बघितलंय.

पहिला संशय प्रायमर पूर्ण न बसल्याचा. ऐरणीचे पाय पॉकेटच्या (पुंगळीतल्या प्रायमरच्या खड्ड्याच्या) तळाला टेकलेले नसतील तर पहिला ठोका प्रायमरला आत ढकलण्यातच खर्च होतो, मसाला चिरडला जात नाही. म्हणून पहिल्याला खट्ट, दुसऱ्याला ठो. मघाशी दुसऱ्या ठोक्याचं लिहून ठेवायला सांगितलं ते ह्यासाठी, दुसऱ्याला जवळजवळ प्रत्येक वेळी उडत असेल तर आधी इथे बघा. हलक्या ठोक्यातही दुसऱ्याला कधीकधी उडतो, पण इतका नेमाने नाही. बसवलेला प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा ०.०८ ते ०.१३ मिमी आत असावा. मोजायला जमत नसेल तर बोटाच्या पेराने फिरवा, किंचित खोलगट लागलं पाहिजे, किंवा स्टीलची पट्टी आडवी ठेवून उजेडात धरा, पट्टी प्रायमरवर डुलली तर तो वर राहिलाय. वर राहिलेला प्रायमर भरलेल्या काडतुसात परत दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, ते काडतूस बाजूला ठेवा. पॉकेटमधली काजळी खरवडून काढत जा, तिच्यामुळेही प्रायमर वर राहतो. आणि प्रायमर तेलकट हाताने धरू नका.

दुसरा संशय हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि काडतूस चेंबरमध्ये पुढे जिथे टेकतं ती जागा ह्यांतलं अंतर, आणि हे समजायला जरा वेळ लागतो. डाय (पुंगळी परत मापात दाबणारा साचा) खूप खाली लावून तुम्ही पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला तर ती चेंबरमध्ये पुढेमागे हलायला जागा राहते. स्प्रिंगवाला इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) असेल तर तो काडतुसाला पुढे ढकलून ठेवतो आणि बूड बोल्टपासून लांब राहतं. आता हिशोब करा: पिन बाहेर येते १.४ मिमी, फट समजा पाव मिमी, प्रायमर आत बसलाय ०.१ मिमी, म्हणजे खळगा पाडायला उरतात जेमतेम १.०५ मिमी, आणि इजेक्टर नसेल तर उलट काडतूस मऊ गादीसारखं पुढे पळतं आणि ठोक्याचा जोर त्यातच जिरतो. एकट्या ह्याने बार अडेलच असं नाही, पण त्यात थोडं जुनं तेल, थोडी थकलेली स्प्रिंग मिळाली की अडतो.

उपाय म्हणजे खांदा फक्त ०.०२५ ते ०.०५ मिमी मागे जाईल एवढाच डाय लावायचा, कम्पॅरेटर (खांद्यापर्यंतची लांबी मोजायचं साधन) घेऊन मोजायचं, अंदाजाने नाही. बेल्टवाल्या (बुडाच्या वर जाड पट्टा असलेल्या) मॅग्नम काडतुसांमध्ये, म्हणजे .३०० विनचेस्टर मॅग्नम वगैरे, कागदोपत्री हेडस्पेस बेल्टवर असतो पण भरताना खांद्यावरच जुळवलेलं बरं. आणि उडालेल्या पुंगळीवर बुडाच्या थोडं वर चमकदार कडं दिसत असेल तर पेपरक्लिपच्या तारेचं टोक वाकवून आतून घासून बघा, खाच लागली की ती पुंगळी तुटायच्या बेतात आहे. सगळ्या फेकून द्या.

फॅक्टरीच्या काडतुसांनाही असं कडं येत असेल तर मग चेंबरचाच हेडस्पेस वाढलाय, गो आणि नो-गो गेज (हेडस्पेस तपासायचे मापाचे ठोकळे) लागतील. इजेक्टर आणि पिन काढलेला बोल्ट नो-गो गेजवर सहज बंद झाला तर रायफल वापरणं बंद करा आणि गनस्मिथकडे द्या.

६.५ क्रीडमूर हे काडतूस वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी. त्याच्या पुंगळ्या मोठ्या आणि छोट्या दोन्ही प्रायमरच्या मिळतात, मोठा ५.३ मिमीचा, छोटा ४.४५ मिमीचा. मोठ्या प्रायमरसाठी बनवलेल्या जाड पिनने छोटा प्रायमर ठोकताना काही बोल्टमध्ये त्रास होतो, थंडीत जास्त. मोठ्या प्रायमरची पुंगळी घेऊन बघा, खर्च करायच्या आधी.

.२२ ची गोष्ट निराळी

.२२ रिमफायरमध्ये वेगळा प्रायमरच नसतो, मसाला बुडाच्या कडेच्या आत फिरवून बसवलेला असतो आणि कधी एखाद्या जागी तो कमी पोचतो. न उडालेलं काडतूस (३० सेकंद थांबून) अर्धा फेरा फिरवून परत घाला. उडालं तर मसाला असमान होता, रायफल ठीक आहे. तरीही खूप अडत असतील तर चेंबरमध्ये मेण आणि काजळी साचून काडतूस शेवटपर्यंत जात नसेल, ब्रश मारा. आणि रिकाम्या .२२ चा चाप उगाच ओढायची सवय असेल तर चेंबरच्या तोंडाच्या कडेवर पिनचा घाव पडलाय का बघा, बऱ्याच जुन्या मॉडेलमध्ये पिन कडेवरच आपटते.

दुरुस्त झाली हे कशावरून

एका वेळी एकच गोष्ट बदला. सफाई, स्प्रिंग, प्रायमरचा ब्रँड सगळं एकाच संध्याकाळी बदललंत तर रायफल सुधारेल कदाचित, पण का सुधारली ते कळणार नाही.

प्रत्येक बदलानंतर ज्या लॉटमधली काडतुसं अडत होती त्याच लॉटमधली निदान वीस झाडा, मऊ प्रायमरची नाही. थंडीत अडत होती तर थंडीतच झाडा, उन्हात पास झालेल्या रायफलवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. रीलोडिंग करणारे एक स्वस्तातली टेस्ट करतात: दारू नाही, गोळी नाही, नुसता प्रायमर बसवलेली पुंगळी घालून ठोकायची. फटाक्यासारखा आवाज होतो आणि नळीतून ज्वाळा निघते, तेव्हा कान-डोळे झाकून, रेंजवर, नळी सुरक्षित दिशेला. आधी गजाने नळी रिकामी आहे ना बघायचं, आणि भरलेलं एकही काडतूस टेबलावर ठेवायचं नाही.

हे सगळं करूनही खळगे उथळच येत असतील, किंवा मध्यापासून फार सरकलेले असतील, तर अॅक्शन, बोल्टचं तोंड किंवा सिअरची उंची बघायला लागेल आणि ते घरचं काम नाही. गनस्मिथकडे जाताना रायफलबरोबर तुमची वही आणि उडालेल्या पुंगळ्या न्या, न उडालेल्या काडतुसांच्या खळग्यांचे जवळून काढलेले फोटो न्या. भरलेली काडतुसं त्याने मागितली तरच आणि वेगळ्या डब्यात. बाकीची फुसकी काडतुसं कचऱ्यात टाकायची नाहीत आणि पक्कडीने उघडायची तर नाहीतच, रेंजवर त्यासाठी वेगळा डबा असतो, त्यात टाका.